सूर्याला धरलेली चीर

११ मार्च १९८८, शुक्रवार. वर्षाच्या चटणीच्या मिरच्या आणल्या आहेत. तीन किलो संकेश्वरी, दोन किलो ब्याडगी. आज रजा टाकून देठं काढायला बसले. या कामात हात अडकलेले असतात आणि डोकं रिकामं, त्यामुळे नको ते आठवत राहतं. अर्धी पाटी झाल्यावर उठले, तेल लावून दोनदा हात धुतले आणि हे लिहायला बसले.

काल कंपनीत शोकसभा झाली. भरमाण्णा गेल्याचं त्यांच्या मुलाचं कार्ड हुपरीहून आलं होतं. आमचे मालक इनामदारसाहेब भाषणात म्हणाले, ‘ते तपस्वी होते.’ मग दोन मिनिटं सगळे उभे राहिले आणि चहा झाला. त्या खोलीतल्या निम्म्या लोकांनी भरमाण्णांना पाहिलंही नव्हतं. ते आता त्यांना तपस्वी समजणार.

भरमाण्णा तपस्वी नव्हते. तंबाखू खायचे, खासबागेत कुस्ती असली की दुपारी पोट दुखतंय म्हणून निघून जायचे आणि सुनेच्या आमटीला रोज नावं ठेवून रोज तीच डब्यात आणायचे. ते उत्तम कारागीर होते. त्यांच्या बाबतीत एक गोष्ट घडली, ती सभेत कुणी काढली नाही. मीही काढली नाही. म्हणून लिहिते.

दहा वर्षांपूर्वी कंपनी उद्यमनगरात एका शेडमध्ये होती. खाली यंत्रं, वर एक खोली, खोलीपुढे गच्ची. सगळी धरून नऊ माणसं. साहेब बंगलोरची नोकरी सोडून गावी आलेले, पंपवाल्यांसाठी प्रेशर गेज बनवायचे. जुन्या ओळखीवर त्यांनी उपग्रहाच्या सन सेन्सरचं काम मिळवलं. मी पदार्थविज्ञानाची बी.एस्सी., म्हणून तपासणी माझ्याकडे.

सन सेन्सर म्हणजे काडेपेटीपेक्षा जरा मोठी डबी. उपग्रह वर गेला की आपलं तोंड कुठे आहे हे त्याला कळत नाही. सूर्य कुठल्या अंगाला आहे ते कळलं तर बाकीचं जुळवता येतं. डबीच्या झाकणात केसाएवढी चीर असते. तिच्यातून उन्हाची एक रेघ आत पडते. आत बारीक पट्ट्या असतात, प्रकाश पडला की त्या किंचित वीज देतात. रेघ कुठल्या पट्टीवर पडली, त्यावरून सूर्याचा कोन. यातलं बाकी सगळं माणसाला शिकवता येतं. अवघड असते ती चीर. दोन पोलादी पाती समोरासमोर बसवायची, मध्ये केसाएवढी जागा, आणि ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी.

महाद्वार रोडवरच्या दोन घड्याळजींनी करून पाहिलं आणि हात टेकले. तेव्हा कुणीतरी म्हणालं, हुपरीला बघा, तिथे पैंजणाच्या कड्या घरोघर ओवतात, त्यांच्याइतका बारीक हात कुणाचा नाही. साहेब एस.टी.ने गेले आणि दुसऱ्या दिवशी भरमाण्णा आले. पंचावन्नच्या आसपासचे, काळी टोपी, धोतर, काखेत कापडात गुंडाळलेली हत्यारं आणि दुसऱ्या हातात स्वतःचा पाट. खुर्चीवर बसून बारीक काम होत नाही, असं त्यांचं मत होतं. ते त्यांनी शेवटपर्यंत बदललं नाही.

साहेबांनी त्यांना पाऊण तास उपग्रह समजावला. भरमाण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “ह्यो दागिना कुणाच्या अंगावर जाणार?”

“माणसाच्या नाही. यंत्राच्या.”

“बाईमाणूस न्हाय, पोरगं न्हाय?”

“कुणीच नाही तिथे.”

“बरं हाय की. मापाचा घोळ न्हाय.” मग माझ्याकडे वळून, “अक्का, पाणी कुठं मिळंल?”

मी त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. पण तिकडे कर्नाटकाच्या अंगाला मान द्यायचा तर अक्का म्हणतात. त्या दिवसापासून मी अक्का झाले.

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी माझ्या टेबलावर एक पुडी आणून ठेवली. उघडली तर लोखंडाचा कीस.

“वजन करून घ्या.”

“कशाला? टाकून द्या.”

“टाकून?” ते माझ्याकडे बघतच राहिले. “आवो, सकाळी किती दिलं, सांजचं काम किती, कीस किती, याची जुळणी नको? मग चोर कोण, साव कोण, कळायचं कसं?”

मी सांगितलं, हे लोखंड आहे, चांदी नाही. ते म्हणाले, चांदीचा धर्म लोखंडाला का नको? तेव्हापासून जाण्याआधी मी ती पुडी तराजूत टाकायची, ते वजन ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि मगच चप्पल घालायचे. नऊ माणसांच्या कंपनीत हा वेडेपणाच होता. पण न तोललेल्या दिवशी ते रुसायचे. ते मला परवडणारं नव्हतं.

त्यांची दुसरी सवय मी कौतुकाने बघायची. पातं घासून झालं की ते त्याची कड स्वतःच्या गालावरून ओढायचे. डोळे मिटून, सावकाश, कानापासून हनुवटीपर्यंत. एकदा विचारलं तर म्हणाले, “गालाला लागलं न्हाय म्हंजी पोरीच्या पायाला लागत न्हाय. पैंजण घालून पोर रात्री झोपती. एक पाय दुसऱ्यावर पडतो. कड ऱ्हायली असली की ओरखडा. मग आई शिव्या कुणाला देती?”

“कुणाला?”

“आमास्नी की. दुकानदाराला न्हाय. घडवणाऱ्याला.”

आठ डब्यांची पहिली खेप बंगलोरला गेली. चिरा माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली इतक्या सरळ होत्या की साहेबांनी पेढे वाटले. दीड महिन्यानं तिकडचे एक अधिकारी आठही डब्या पिशवीत घालून स्वतःच आले. आठही नापास. प्रत्येक डबीत एका रेघेशेजारी दुसरी, फिकट रेघ पडत होती. पट्ट्यांना दोन सूर्य दिसत होते, आणि डबी त्या दोहोंच्या मधला कोन सांगत होती, जिथे सूर्य नव्हताच.

कारण त्यांनी शोधूनच आणलं होतं. पात्यांच्या कडा धारदार हव्या होत्या. त्या किंचित गोल होत्या, आणि आरशासारख्या चमकत होत्या. उन्हाचा एक धागा तिथून परावर्तित होऊन आत शिरत होता.

सगळ्यांनी भरमाण्णांकडे पाहिलं. ते पाटावर बसले होते. काम झाल्यावर चांदीला घासून चकाकी आणतात, ओप देतात, तसा शेवटचा एक हात त्यांनी प्रत्येक कडेवरून फिरवला होता. नकाशात तो कुठेही नव्हता. कुणी सांगितलाही नव्हता. चाळीस वर्षांत त्या हाताशिवाय एकही नग त्यांच्या बोटांतून सुटला नव्हता. आणि मी, जिने तपासायचं, रोज त्यांना पातं गालावरून ओढताना बघत होते. माझ्याही डोक्यात आलं नाही की इथे लागायला कुणी नाही.

अधिकारी कानडी होते. त्यांनी भरमाण्णांना कानडीतच विचारलं, कडेला ओप द्यायला कुणी सांगितलं? भरमाण्णाही कानडीतच बोलले. आम्ही नुसते तोंडाकडे बघत बसलो. बराच वेळ ते बोलत होते. मध्येच तो कडक माणूस हसला आणि भरमाण्णांनी त्याला तंबाखू पुढे केली. मला मग भरमाण्णांनीच सांगितलं काय झालं ते.

“म्या इचारलं, काम झाल्यावर ह्यो नग खाली येतो का? त्यो म्हणाला, न्हाय. म्हटलं, मोडीत बी न्हाय? न्हाय म्हणाला, तिथंच फिरतोय, मग कधीतरी जळून जातोय.” त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “आमचा माल फिरून येतो बगा, अक्का. आजीचं पैंजण मोडलं की नातीचं वाळं हुतंय. माझ्या हातचीच चांदी माझ्याकडं चारदा आलीया. कुठं चुकलो ते पुन्यांदा हातात घिऊन बगता येतं. ह्ये गेलं ते गेलंच.”

“मग?”

“मग काय. चुकून चालायचं न्हाय.”

आम्हाला दोन महिने मिळाले. आठ नव्या डब्या, नाहीतर काम परदेशी कंपनीकडे. साहेबांनी गेजचं काम जवळपास बंद करून सगळं यात घातलेलं होतं. हे काम गेलं असतं तर कंपनी गेली असती, हे खालच्या झाडूवाल्यालासुद्धा माहीत होतं.

चाळीस वर्षांचा हात थांबवणं हे दोन महिन्यांचं काम नव्हे. भरमाण्णा पातं घासायचे, आणि नकळत बोटं ओप द्यायच्या हत्याराकडे, ओपणीकडे जायची. ओपणी मी काढून कपाटात ठेवली, तर ते अंगठ्याच्या नखाने ओप देऊ लागले. शेवटी त्यांनीच तोड काढली. गालाची परीक्षा उलटी केली. पातं गालावरून ओढायचं. कापलं तरच पास. त्या दिवसांत ते रोज गालावर दोन-तीन बारीक लाल रेघा घेऊन बसलेले असायचे. खालची माणसं चेष्टा करायची.

“काय आण्णा, दाढी कोण करतंय? न्हावी बदला.”

“तुझ्या सासऱ्याला सांगितलंय,” हे म्हणायचे. “त्याचा हात सुटलाय.”

पण गालाला सगळं कळत नव्हतं. धार आली तरी कुठेतरी तांदळाच्या कणीएवढा भाग गोल राहिला की आत पुन्हा दुसरी रेघ. माझा सूक्ष्मदर्शक कॉलेजातून जुना घेतलेला. त्याच्या पिवळ्या दिव्यात तो गोलपणा दिसत नव्हता. साहेबांनी यावर एक काळी पेटी केली. आत डबी ठेवायची, उन्हाची तिरीप चिरेतून कागदावर पाडायची, डोळे अंधाराला सरावले की दुसरी रेघ आहे का बघायचं. दिसायची. पण कणाकणाने सरकत जायचं म्हणून एका चिरेला पाऊण तास लागायचा, आणि एक डबी जमेपर्यंत पंधरा-वीस चिरा तपासाव्या लागायच्या.

एक दिवस मी गच्चीवर गेले तर भरमाण्णा सूर्याकडे तोंड करून उभे. हात लांब करून धरलेलं झाकण, एक डोळा मिटलेला. चीर हळूहळू कलती करत होते.

“हितं हाय,” ते म्हणाले आणि नखाने खूण केली. “तार चमकली. कड गोल असली की चिरेच्या अंगाला चांदीच्या तारंगत एक तार उठती. धार असली की न्हाय उठत.”

मी ते झाकण खाली नेऊन पेटीत लावलं. पाऊण तासाने दुसरी रेघ सापडली. त्यांच्या नखाच्या खुणेवरच. आणखी बारा झाकणं मी असं पडताळून पाहिली. बाराही वेळा त्यांचं बरोबर. त्यांना दोन मिनिटं लागत होती.

मी सांगितलं, सूर्याकडे असं बघायचं नाही, डोळे जातात. वेल्डिंगची काळी काच आणून दिली. ती लावून ते दोन दिवस उभे राहिले. मग परत दिली. “काचेतनं सूर्य दिसतो, अक्का. तार न्हाय दिसत. मला सूर्य बगून काय करायचाय?”

“मग पेटीत बघा.”

“पेटीत बगत बसलो तर दिवाळीला चार डब्या हुतील. तवर तुमचं साहेब हितं मिरची कांडप काढतील.”

मी आणखी एकदा सांगितलं. असं दोनदा सांगितल्याचं मला आठवतं. तिसऱ्यांदा सांगितल्याचं आठवत नाही. मुदत जवळ येत होती. पेटी कपाटावर गेली. भरमाण्णा दहा ते अकरा गच्चीवर उभे राहायचे आणि मी खाली बसून त्यांनी दिलेल्या झाकणांपुढे ‘पास’ लिहून सही करायची.

आठही डब्या पास झाल्या. त्यानंतर पुढची खेप, त्यानंतरची. कंपनीला मागचा रिकामा प्लॉट घेता आला. एका खेपेतल्या दोन डब्या प्रत्यक्ष वर गेल्या, असं पत्र आलं. साहेबांनी ते मोठ्याने वाचलं. भरमाण्णांनी विचारलं, “दोन सूर्य दिसत न्हाईत न्हवं?” एकच दिसतो, असं ऐकल्यावर ते पाटावर जाऊन बसले. पत्र हातात घेऊन बघितलंही नाही.

हे चार वर्षं चाललं. पावसाळा सोडून रोज एक तास.

मला पहिल्यांदा शंका आली ती चहाच्या वेळी. त्यांनी कप बशीच्या कडेवर ठेवला, चहा सांडला. म्हातारपण म्हणून सोडून दिलं. मग लक्षात आलं की ते माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघतात. आधी वाटलं, केसांत काही अडकलंय. दोन-चार दिवस मी कान चाचपून पाहिले. मग एका सकाळी त्यांच्यासमोर बसले आणि विचारलं, “भरमाण्णा, माझ्या तोंडाकडे बघा. काय दिसतं?”

त्यांनी हातातलं पातं कापडात गुंडाळून ठेवलं.

“मधी एक मसुरीएवढा डाग हाय. ज्याच्याकडं बगंल त्याच्यावर जाऊन बसतोय. तुमच्याकडं बगितलं की तुमच्या तोंडावर. पात्याकडं बगितलं की पात्यावर. बाजूचं समदं दिसतंय. झाड दिसतंय, भित दिसती. ज्येला बगायचं त्येवढंच दिसत न्हाय.”

“कधीपासून?”

“उजव्याचं दीड वरीस झालं. डावा आत्ता दिवाळीपासनं.”

“मग चिरा कशा करता?”

“बोटानं. बोट सांगतंय की.”

“आणि तार?”

“तार बाजूनं दिसती अजून. वाईच मान वळवून बगायचं.”

मी त्यांना रिक्षात घालून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी दिवा टाकून दोन्ही डोळ्यांत बघितलं आणि यांचा धंदा काय, असं विचारलं. मी सांगितलं. त्यांनी भरमाण्णांना बाहेर बसवलं आणि मला म्हणाले, पडद्याचा मधला भाग भाजला आहे, याला औषध नाही. “इतकी वर्षं हे करताना कुणी बघितलं नाही का यांना?” मी सांगितलं, बघितलं.

येताना रिक्षात भरमाण्णा म्हणाले, “साहेबास्नी सांगू नगा. ही खेप जाऊ दे.”

“घरी?”

“घरी तर आजिबात न्हाय. सून आमटीत आळ्या घालंल, मला दिसायच्या न्हाईत.”

खेप जायला सात आठवडे होते. मी साहेबांना सांगितलं नाही. त्यांनी विनंती केली म्हणून, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे खेप मलाही जायला हवी होती. त्यांच्याशिवाय ती गेली नसती. सात आठवडे ते मान वळवून तार बघत राहिले आणि मी सह्या करत राहिले.

त्या सात आठवड्यांत त्यांनी शालनला शिकवलं. शालन उचगावची, पस्तिशीची, दोन मुलांची आई. नवरा गुळाच्या अडतीत हमाल. ती आमच्याकडे पट्ट्यांना तारा जोडायची. हात पक्का, तोंड त्याहून पक्कं. भरमाण्णा तिला पाटावर बसवायचे आणि तिच्या बोटांवर बोटं ठेवून पातं फिरवायचे. ती कुरकुरायची, “आण्णा, गाल कापून घ्यायचा असंल तर मी न्हाय बाई. नवरा इचारंल, कोण चावलं.” त्यांनी तिला गालाऐवजी मनगटावर बघायला शिकवलं. दोघं गच्चीवर जायची, हे मला दिसत होतं. पातं दाखवायला उजेडात जात असतील असं मी धरून चालले. विचारलं नाही.

खेप गेली, आणि दुसऱ्या दिवशी भरमाण्णांनी स्वतःच साहेबांना सांगितलं. साहेब रडले. शाल, नारळ, फेटा झालं. डोळ्यांबद्दल साहेबांनी मला काही विचारलं नाही. त्यांनाही कदाचित कळलं असावं, आणि विचारलं तर काय ऐकावं लागेल हेही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्यानंतर वर्षभराने, ८४ च्या जानेवारीत. रविवार होता. हुपरीच्या बसमधून उतरून त्यांच्या गल्लीत शिरले तर दोन्ही बाजूंच्या घरांतून ठोकल्याचा आवाज. त्यांच्या सोप्यात चार माणसं कामाला बसली होती. भरमाण्णा कोपऱ्यात पाटावर, पुढ्यात घुंगरांचा ढीग. ते एकेक घुंगरू चिमटीत घेऊन कडीत अडकवत होते. बघत नव्हते. मान वर, तोंड छताकडे, बोटं आपापली चाललेली.

मी उंबऱ्यात काही न बोलता उभी राहिले.

“अक्का आल्या,” ते म्हणाले. “चप्पल तीच हाय. अंगठा तुटल्यालं.”

सुनेने चहा केला, पोहे केले. त्यांनी पोह्यांना नावं ठेवली. ती म्हणाली, “दिसत न्हाय तरी चूक बरी दिसती.” ते खूश झाले. कंपनीचं विचारलं, साहेबांचं विचारलं, कीस कोण तोलतंय विचारलं. कुणी तोलत नाही म्हटल्यावर पुढ्यातला ढीग हाताने सारखा केला.

मग म्हणाले, “शालन कशी करती?”

“चांगली करते. मागची खेप सगळी पास.”

“व्हयच. तिच्या बोटाला कळतंय.” त्यांनी घुंगरू अडकवलं. “गच्चीवर जाती न्हवं रोज?”

मी चहाचा कप खाली ठेवला.

“म्या शिकवलंय तिला तार बगाया. माझ्यापेक्षा तिला लवकर दिसती.” त्यांच्या आवाजात कौतुक होतं, दुसरं काही नव्हतं. “येक सांगा तिला. उजवा डोळा नको म्हणावं. डाव्यानं बग, उजवा कामाला ऱ्हाऊ दे. म्या दोन्ही वापरलं, त्यो माझा येडेपणा. येक ठिवायला पायजे हुता.”

मी सांगते म्हणाले. आणखी काय बोलले आठवत नाही. मागची खेप पास झाली कशी, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं असं लिहिलं तर ते खोटं होईल. पेटी कपाटावरून खाली आली नव्हती, आणि चिरा वेळेवर येत होत्या. एवढं कळायला बी.एस्सी. लागत नाही.

निघाले तेव्हा ते दारापर्यंत आले. गल्लीच्या तोंडाशी जाऊन मी मागे वळून पाहिलं. ते चौकटीला हात लावून उभे होते, आणि शेजारच्या घराच्या भिंतीकडे बघत होते. टक लावून. आधी मला वाटलं, मला विसरले. मग कळलं, मी दिसावी म्हणून ते भिंतीकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साडेसातला घरून निघाले. वाटेत हार्डवेअरच्या दुकानातून एक कुलूप घेतलं. दुकानदार शटर वर करत होता, बोहनी म्हणून त्याने रुपया कमी केला. कंपनीत वर जाऊन गच्चीच्या दाराला ते लावलं. साहेब आल्यावर त्यांना सांगितलं की आजपासून चिरा पेटीतच तपासल्या जातील, एका चिरेला पाऊण तास लागेल, आणि चालू खेप मुदतीत जाणार नाही. ते म्हणाले, बंगलोरला काय कळवू? मी म्हणाले, खरं ते कळवा, नाहीतर मी कळवते.

दहा वाजता शालन झाकणांचा डबा घेऊन जिन्यावरून आली.

“बाई, दार का लावलंय?”

मी तिला खोलीत बसवलं. टेबलावरचं वर्तमानपत्र उचलून पाच-सहा पावलांवर धरलं आणि एका हाताने डावा डोळा झाक म्हटलं. तिने मथळा भराभर वाचला आणि हसली, “मला काय शाळंत घालताय व्हय?” मग उजवा झाक म्हटलं. तिने झाकला. वाचायला सुरुवात केली आणि थांबली. कागद डावीकडे धरा म्हणाली. मी धरला. उजवीकडे धरा म्हणाली. तसाही धरला.

“मधलं येक अक्षर हालतंय,” ती म्हणाली. “ऱ्हातं कवा कवा. हुईल बरं.”

मी तिच्या हातातला डबा काढून घेतला, तिला चप्पल घालायला सांगितलं आणि रिक्षा आणायला खाली गेले.